आतून लावायची कडी

गुणाताई,

काल बाणगंगेवर तुझं दहाव्याचं केलं. पिंड ठेवून आम्ही मागे सरेपर्यंत कावळा शिवलासुद्धा. दादा मला म्हणाला, "बघ, तिची काही इच्छा राहिली नव्हती." भटजींनी मान डोलावली, मीही डोलावली. कावळ्याशी कोण वाद घालणार? पण तुझी एक इच्छा राहिली होती. ती कोणामुळे राहिली हे मला ठाऊक आहे आणि दादालाही. कावळ्याला फक्त भूक लागली असावी.

घरी आलो, चहा झाला. मग एक-दोघं म्हणाली, "बाबू, गुणाताईचा तो मोजणीचा किस्सा सांग." आपल्या घरात माझा उपयोग एवढाच, हे तुला माहीतच आहे. दादाने नाव काढलं, बाकीच्यांनी पदव्या काढल्या, मी किस्से काढले. लग्न असो, बारसं असो, जेवणं आटोपली की मला मध्ये बसवायचं. माझ्या निम्म्या किश्श्यांत तू. तू तिकडे ताटं उचलत असायचीस आणि मी इकडे तुझी नक्कल करत असायचो. तूही पदर तोंडाशी धरून हसायचीस. हसायचीस म्हणून मी धरून चाललो होतो की तुला आवडतं.

तर तो किस्सा. ठाकूरद्वारची आपली चाळ पाडून तिथे टॉवर होणार होता, आणि खोल्यांची मोजणी करायला बिल्डरची माणसं यायची होती. कोणत्या खोलीत कोण राहतं ते लिहून घेऊन दारात सगळ्यांचा फोटो काढणार होते. आदल्या दिवशी घरात खलबतं झाली. दादाच्या डोक्यात कोणीतरी भरवलं होतं की घरात राहणाऱ्या बाईचं नाव एकदा कागदावर चढलं की ती उद्या जागेत हक्क सांगते. आई तेव्हा होती. ती म्हणाली, "गुणा घरातलीच आहे, ती कसला हक्क सांगतेय." आणि त्याच दमात म्हणाली, "पण सकाळी तिला कुठेतरी पाठवा."

तुला सांगितलं, जा, जरा चौपाटीवर फिरून ये. तोवरच्या सगळ्या वर्षांत तुला कोणी फिरायला जा म्हटलं नव्हतं. तू निघण्याआधी सगळ्यांचा चहा करून थर्मासमध्ये भरून ठेवलास. मोजणीवाल्याने तो प्यायला आणि म्हणाला, "वहिनी, चहा एकदम फर्स्टक्लास." आपली वहिनी लाजली. "माणसं किती घरात?" "आम्हीच, दिसताय तेवढे," दादा म्हणाला. फोटो निघाला. संध्याकाळी तू आलीस, दारात चपला काढता काढता विचारलंस, "झाली मोजणी? घर आसा ना जाग्यावर?"

इथे सगळे हसतात. कालही हसले. पण मला पुढे बोलता येईना. सकाळी आठला बाहेर पडलेली बाई संध्याकाळी सहाला घरी येते. तू दिवसभर काय खाल्लंस, कुठे बसलीस, सावली मिळाली का, मी कधी विचारलं नाही. इतकी वर्षं मी तो किस्सा दारापासून दारापर्यंतच सांगत आलो.

तू आलीस तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस आणि मी दोन महिन्यांचा. आईच्या माहेरच्या गावाहून, मालवणकडून, तुला मला सांभाळायला आणलं. "पोर मोठं झालं की पाठवू परत," असं तुझ्या बापाला सांगितलं होतं म्हणे. पोर आता एकावन्न वर्षांचं आहे, रक्तदाबाची गोळी घेतं, आणि तुझ्या हिशेबात अजून पुरेसं मोठं झालेलं नव्हतं. पगाराचा विषय कधी निघाला नाही. घरातल्या माणसाला पगार कसला, असं आई म्हणायची. तुला सणाला साडी, तुझ्या भावाच्या लग्नाला आहेर, आजारपणात औषध. आम्हाला वाटायचं, आम्ही केवढे चांगले.

त्या दोन खोल्यांत तुझी जागा ओटा आणि मोरी यांच्या मधली. पहाटे नळाला पाणी यायचं, म्हणून तू पिंपाशी पाय करून झोपायचीस. पाणी आलं की नळ आधी फुसफुसायचा, तेवढ्यानं तुला जाग यायची. दिवस उजाडला की चटई गुंडाळून दारामागे उभी. मग तू रात्री कुठे होतीस याची खूण म्हणून काही उरत नसे. तुझी ट्रंक बाहेरच्या खोलीत, कॉटखाली. तुला तुझी साडी काढायची असेल तर कॉटवर जो लोळत असेल त्याला सांगावं लागायचं, "पाय वर घे रे बाबू." बहुतेक वेळा मीच लोळत असायचो. भिंतीला तुझा असा एक खिळा नव्हता, म्हणून तू देवीचं चित्र ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलं होतंस. आंघोळ करून यायचीस, ट्रंक ओढायचीस, झाकण उघडून हात जोडायचीस, की झाकण बंद. लहानपणी मला वाटायचं देव ट्रंकेतच राहतो आणि तू त्याला हवा खायला रोज एकदा बाहेर काढतेस.

तुझे उपकार मोजायला बसलो तर मला उठताच येणार नाही. दहावीत गणितात नापास झालो तेव्हा बाबांच्या आणि माझ्या मध्ये हातात उलथनं घेऊन उभी राहिलेली तू. बांगड्याच्या पोटातला काटा असा काढायचा हे शिकवणारी तू. किस्से सांगायला मी कुणाकडून शिकलो, हे लोक विचारतात तेव्हा मी बाबांचं नाव सांगतो. खोटं आहे ते. बाबा बँकेतून आल्यावर पेपरमागे गेले की रात्रीच्या जेवणालाच बाहेर यायचे. तू तांदूळ निवडता निवडता गावच्या तळ्यातल्या भुताची गोष्ट सांगायचीस आणि नेमकी भूत बाहेर यायच्या वेळी म्हणायचीस, "थांब, खडो गावलो." ती थांबायची जागा मी तुझ्याकडून उचलली. फक्त तुझ्या कुठल्याच गोष्टीत तू नसायचीस. हे माझ्या आत्ता लक्षात येतंय.

मोजणीच्या आसपासच तुझं आधार कार्ड काढायचं निघालं. आम्हा सगळ्यांच्या कार्डांवर ठाकूरद्वारचा पत्ता. तुझ्यावर तुझ्या भावाच्या गावच्या घराचा घालायचं ठरलं. जिथे तू तेराव्या वर्षानंतर चार-पाच वेळा गेली असशील, तेही कोणाच्या तेराव्याला नाहीतर लग्नाला. "गावचाच टाक, बरं पडेल," असं दादा म्हणाला. फॉर्म मी भरला. माझं अक्षर चांगलं ना.

चाळ रिकामी झाली, आई गेली, दादा बोरिवलीला भाड्याने गेला आणि मी दादरला. तुझी पाळी लागली. चार महिने त्याच्याकडे, चार महिने माझ्याकडे. तुला कुठे ठेवायचं यावर आमच्यात कधी भांडण झालं नाही, याचं आम्हाला कौतुक होतं. तुझी ट्रंक मोठी म्हणून ती माझ्याकडे माळ्यावर राहिली आणि तू एक कापडी पिशवी घेऊन इकडून तिकडे.

मग एका रविवारी दादा नव्या फ्लॅटचा नकाशा घेऊन आला. टेबलावर पसरला. "हा हॉल, ही बेडरूम, हे किचन, ही बाल्कनी, सेफ्टी ग्रिल आपल्याला लावून घ्यावं लागेल." तू चहा घेऊन आलीस, कप ठेवलेस आणि वाकून नकाशा बघत राहिलीस. बोट न लावता. मग म्हणालीस, "ह्येच्यात मी खंय?"

वहिनी म्हणाली, "अगं, तू काय, तू सगळीकडे." आम्ही हसलो. तू रिकामा ट्रे घेऊन आत गेलीस.

दोन-तीन आठवडे गेले असतील. मी जेवत होतो, तू पोळ्या करत होतीस. पाठमोरी असतानाच म्हणालीस की परळला एका ट्रस्टची इमारत आहे, तिथे एकट्या म्हाताऱ्या बायकांना मरेपर्यंत एक-एक खोली देतात, मुंबईत जन्मभर काम केलेल्या बायकांना. भाजीवालीच्या बहिणीला मिळाली आहे. मला जे लागलं ते अजून आठवतं. मी घास ताटात ठेवला आणि म्हणालो, "आमच्यात काय कमी पडलं तुला?"

"कमी काय नाय रे."

"मग? लोक काय म्हणतील? पन्नास वर्षं राबवून घेतली आणि म्हातारपणी आश्रमात टाकली."

"आश्रम नाय तो. खोली आसा." तू पोळी उलटलीस. "माका एक दार व्हया, बाबू. आतून कडी लावता येयत असा."

मी म्हणालो, कडी काय, बाथरूमला पण आहे. तू पुढची पोळी लाटायला घेतलीस. हा माझा विनोद, गुणाताई. असे मी बरेच केले.

तरी तुला घेऊन गेलो. परळची ती दुमजली इमारत, मध्ये अंगण, तुळशी, दोरीवर वाळत घातलेली नऊवारी पातळं. तिथल्या व्यवस्थापक बाई, खादीची साडी, चष्मा दोरीला. त्यांनी एक रिकामी खोली उघडून दाखवली. दहा बाय दहा, एक खिडकी, भिंतीत एक फडताळ. तू आत गेलीस, वळलीस आणि आम्हा दोघांना बाहेर ठेवून दार लावून घेतलंस. कडीचा आवाज आला. आम्ही व्हरांड्यात उभे. एक मिनिट झालं, दोन झाली.

"अडकल्या का हो?" बाईंनी मला हळू विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

आत काहीच आवाज नव्हता. तू बसली होतीस की उभी, खिडकीपाशी होतीस की कडीवर हात ठेवून, मला माहीत नाही, आणि ते तुझं तुझ्यापाशी राहिलं हे बरंच झालं. मग कडी निघाली. तू पदर सारखा करत बाहेर आलीस आणि बाईंना म्हणालीस, "कडी कडक आसा. तेल घालूक व्हया."

बाई म्हणाल्या, कार्डावर गावचा पत्ता आहे, तेव्हा जिथे राहून काम केलंत त्या घरच्यांचं पत्र आणा. बस, एवढंच.

पत्र मी लिहिणार हे उघड होतं. घरातला लेखक मी. एक अख्खा रविवार घालवला. तीन कच्चे खर्डे केले. तू आमच्या घरचा आधारस्तंभ कशी, तू आमची थोरली बहीणच कशी, आमच्या कुटुंबातून तुला वेगळं काढताच येत नाही, तुझ्या मायेच्या सावलीत आम्ही कसे वाढलो. तुला समोर बसवून वाचून दाखवलं. एक ओळ मला माझीच इतकी आवडली की ती दोनदा वाचली. तू भेंड्या चिरत होतीस.

"बरां लिवलंस," तू म्हणालीस. "पण माझां काम खंय आसा ह्येच्यात?"

"अगं, तसं लिहिलं तर तू मोलकरीण वाटशील."

"मग मी कोण होतंय?"

मी म्हणालो, तू आमची गुणाताई. आणि पत्र पाकिटात घातलं.

पंधरा दिवसांनी व्यवस्थापक बाईंचा फोन आला. "पत्र फार सुंदर आहे हो. मी कमिटीत मोठ्याने वाचून दाखवलं. दोघीजणी रडल्या. पण त्यांचं म्हणणं, ज्यांना इतकं प्रेमाचं कुटुंब आहे त्यांना खोली कशी द्यायची? ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी आहेत ना या खोल्या." मग त्याच पुढे म्हणाल्या, "मला कळतं सगळं. तुम्ही एक करा. दोन ओळी साध्या लिहून द्या, की इतकी वर्षं आमच्या घरी राहून कामाला होत्या. महिनाभर खोली थांबवते मी."

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "पझेशन मिळेपर्यंत थांब. लेखी काही देऊ नकोस. आमच्या खोलीत राहत होती असं तू स्वतःच्या सहीने लिहून देणार?" मी म्हणालो, ती आपल्यावर काय दावा लावणार आहे का? तो म्हणाला, "ती नाही रे. तिचे भाचे." तुझे भाचे गावाला आंब्याची कलमं करतात आणि त्यांना ठाकूरद्वार कुठे आहे हेही माहीत नाही. मी हे बोललो नाही. खरं सांगू? मला दादा नाही म्हणाला याचं बरं वाटलं. कारण ते पत्र लिहायचं म्हणजे एका वाक्यात ते लिहायचं, जे आम्ही पन्नास वर्षं सहीविना चालवलं होतं. आधारस्तंभ लिहिणं सोपं होतं.

तू एकदाच विचारलंस. "लिवलंस?"

"उद्या."

पुन्हा विचारलं नाहीस. महिना संपला. खोली दुसऱ्या कोणाला गेली. बाईंनी फोन करून सांगितलं, मी तुला सांगितलं, तू म्हणालीस, "बरां झालां तिचां," आणि मला वाढलंस.

बहीण म्हटलं ते खोटं नव्हतं गं. तेवढंच म्हटलं, ते खोटं होतं.

त्या सकाळी सहाला मी दुधाची पिशवी घ्यायला उठलो. तू फ्रिजच्या बाजूला पॅसेजमध्ये झोपली होतीस, भिंतीकडे तोंड करून. रोज तू माझ्या आधी उठलेली असायचीस. मी मनात म्हणालो, झोपू दे आज, बिचारी दमली असेल. आणि तुला ओलांडून दारापर्यंत गेलो, दूध घेतलं आणि तुला ओलांडून परत आलो. चहा स्वतः केला. स्वतःवर खूश होऊन तुझ्यासाठीही कपभर ठेवला. सात वाजता हाक मारली. डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेल्या असाव्यात.

दुपारी आम्ही तुला दादरच्या स्मशानात घेऊन गेलो. दादा बोरिवलीहून थेट तिथेच आला. खिडकीत एक कारकून होते, शांत माणूस, फॉर्म भरून घेत होते. नाव, वय, डॉक्टरांचा दाखला. तुझं कार्ड पाहून त्यांनी कायमच्या पत्त्याच्या रकान्यात गावचा पत्ता उतरवायला घेतला.

मी म्हणालो, "तो नका लिहू. तिथे राहत नव्हती ती."

"कार्डावर तोच आहे."

"असेल. ती गिरगावात राहायची, ठाकूरद्वारला. चाळ पाडेपर्यंत."

"जाऊ दे ना रे," दादा मागून म्हणाला. "आता काय फरक पडतो?"

फरक पडत नव्हता म्हणूनच मी बोलत होतो. मला शौर्य येतं ते अशाच वेळी, जेव्हा कोणाचं काही जाणार नसतं. तरी मी हटलो नाही. मागे दुसऱ्या कोणाची तरी माणसं खोळंबली होती.

कारकुनांनी पेन थांबवलं. "काही पुरावा आहे का तिथला? बिल, पासबुक, काहीही?"

"नाही."

नव्हताच. नसावा याची आम्ही नीट काळजी घेतली होती.

"तुम्ही कोण त्यांचे?"

भाऊ, हा शब्द जिभेवर तयार होता. पन्नास वर्षांची सवय. तू समोर होतीस, बांबूवर, कपाळाला कुंकवाऐवजी बुक्का. मी म्हणालो, "त्या आमच्याकडे कामाला होत्या. आमच्याच खोलीत राहायच्या." ते ऐकायला किती वाईट वाटलं. तुला वाईट वाटलं असतं की बरं, हे मला कधीच कळणार नाही. दादा खाली बघत होता.

कारकुनांनी एक कोरा कागद खिडकीतून सरकवला. "तसं लिहून द्या. मी जोडतो. वरचे मानतील की नाही, सांगता येत नाही."

खिडकीच्या फळीवर कागद ठेवून मी लिहिलं. श्रीमती गुणवंती परब या तेरा वर्षांच्या असल्यापासून ठाकूरद्वार येथील आमच्या वडिलांच्या खोलीत राहत होत्या. तिथे त्यांनी चाळ पाडेपर्यंत स्वयंपाक, धुणी, भांडी, पाणी भरणे व आम्हा मुलांचा सांभाळ हे काम केले. खाली सही केली. कागद दादाकडे सरकवला. त्याने चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि माझ्या सहीखाली सही केली.

कारकुनांनी कागद वाचला, फॉर्मला टाचणी लावली आणि सहज, कामाच्या ओघात म्हणाले, "हे आधी दिलं असतंत तर कार्डावरच पत्ता बदलून मिळाला असता त्यांना."

"हो," मी म्हणालो.